तेरा थेंब

मंगळवारी दिवे लागले तेव्हा
जांभळ्या फांदीची टोकं पांढरी होती.
जळाल्यासारखी. पाण्यात राहून जळाल्यासारखी.
हॅमर प्रवाळानं सगळ्या मुठी मिटल्या होत्या.

समुद्र इथून एका रात्रीच्या बसवर.
इंदुरात, लोकमान्य नगरात, दवाखान्यामागच्या खोलीत
मी तो चार फूट बाय दोन फूट ठेवला आहे.
नर्मदा तर आपल्याच पायांनी निघाली होती
भरूचकडे, त्याच्याचकडे.
जलूदला पंप तिला धरतो, घाट चढवतो,
एक दिवसाआड आमच्या नळाला आणून बांधतो.
मी तिच्यातलं होतं नव्हतं गाळून काढतो,
चुना, क्लोरीन, ओंकारेश्वरी सोडलेल्या दिव्यांचा काही अंश असेल तर तोही,
मग पुडक्यातलं मीठ ढवळून म्हणतो :
हं, पोचलीस.

तर, आधी तापमान. पंचवीस पूर्णांक आठ.
चिलर कुरकुरतोय, पण गार करतोय.
गाळणीतली राळ अजून निळीच.
मृदुलेला विचारलं, झुरळांचं औषध मारलंस का कुठे?
ती भाजी निवडत म्हणाली,
तुमच्या त्या खोलीत झुरळंसुद्धा टिकत नाहीत.
पंपाचं चुंबक गंजलंय का पाहिलं.
रात्री दोनला टॉर्च घेऊन खेकडा शोधला.
सापडला. निर्दोष होता.
दोन्ही हातांनी शेवाळ खात होता,
मंगल कार्यालयात शेवटच्या पंगतीला बसल्यासारखा.

मग क्षारता. काचेच्या कुपीत पाच मिली पाणी,
निळ्याचं पिवळं होईपर्यंत थेंब मोजायचे.
सहा. हवेत आठ.
तीन आठवडे सहाच येताहेत. देतो ते पुरत नाही.
म्हणजे उपाशी आहेत बिचारी.
रात्री अर्धा चमचा सोडा, विरघळवून, हळूहळू.
सकाळी आणखी अर्धा.
गुरुवारी सहा.
शुक्रवारी सहा.

शनिवारी धारकरबाई आल्या, कोपराचा इसब घेऊन.
एका पुडीनं उतरेना, म्हणून दोन घेतल्या म्हणाल्या.
मी चष्मा काढून सुनावलं :
बाई, औषध एकदा दिलं की हात बांधून बसायचं.
शरीराला वेळ द्या हो!
पैसे गल्ल्यात टाकले,
पडद्यामागे गेलो,
अर्धा चमचा.

पांढरं आता फांदीच्या काखेपर्यंत उतरलं होतं.

रविवारी खजरान्याहून तौफिक आला, आपली कुपी, आपली बाटली घेऊन.
मी शेजारी उभा राहून मोजत होतो.
सहाला निळंच. आठला निळंच.
दहाला मी मोजणं सोडलं.
तेराव्या थेंबाला पिवळं.
तो माझ्याकडे बघेना. माझी बाटली उचलून
त्यानं झाकण नुसतं बोटानं फिरवलं. ते फिरत राहिलं.
फळीवर, चिलरच्या गरम फुंकरीत,
एप्रिलभर ती सैल तोंडानं उभी होती.
औषध रोज थोडं आटून कडक होत होतं,
पाणी रोज थोडं चढत होतं,
दोघांचा हिशेब रोज बरोबर सहा.

"डाक्साब, भूखे नी थे ये.
आपने ठूँस दिया इनको."

आता काय देऊ?

"कुछ नी."

चोवीस वर्षं मी हेच लोकांना सांगून
दवाखान्याचं भाडं भरतोय.

जांभळी गेली. तिचं हाड काढलेलं नाही,
दोन गोगलगायी त्यावर चरत असतात.
धारकरबाईंचा कोपर, म्हणे, बराच सुकलाय.
उद्या नळाचा दिवस. पहाटे ती येईल
वाटेतून उचलून आणलेली,
तिला दिवसभर पिंपात नुसती बसू देणार आहे.

आत्ता रात्रीचे अकरा. निळा दिवा.
हॅमरची एक मूठ किंचित सैल झाल्यासारखी,
किंवा मला तसं हवंय.
नव्या बाटलीकडे हात गेला.
तो मी मांडीखाली घेऊन
त्याच्यावर बसलो आहे.