काळं बी

एकच कुंडी ठेवणार म्हणता,
तर आधी रोकोतोचं सांगते. या गच्चीवर दरारा त्याचाच.
सहा वर्षांचं झाड. पानांवर मांजराच्या कानासारखी लव,
फुलं जांभळी, आणि फळ कापलं की आत
काळं कुळकुळीत बी,
माझ्या दुसऱ्या कुठल्याच मिरचीत नाही असं.
रात्री मिस्तीवरून गार वारं उतरतं
तेव्हा बाकीच्या कुंड्या अंग चोरून घेतात.
हा खुशाल उभा असतो, गवळ्याची वाट बघितल्यासारखा.

आही अमारियो. नावात पिवळी, पिकते नारिंगी.
ऑगस्टात पेरा, मार्च सरता सरता
एखादी लाजत रंग धरेल.
पण कांद्यावर परतलीत ना, तर वास असा
की जिना चढून पाहुणे आपणहून येतात
आणि उगाच पाणी मागतात.

लिमो पोर्फिरियोंकडे बघा, प्लास्टिकच्या तंबूखाली.
मिरची बोटाच्या पेराएवढी, मालकाचा तोरा डोंगराएवढा.
म्हणतात, माशावर चिरा, लिंबू पिळायचं विसरलात तरी चालेल.
खोटं नाही. पण त्यांना तसं सांगू नका.

पांका मी लावून पाहिली. तीन हंगाम.
आता बाजारातून आणते, वाळलेली, काळपट,
धुरात निजून उठल्यासारखी.
काही माणसं दुसऱ्याच्याच घरी बरी वाटतात, तसं तिचं.

आणि ही चारापिता, वाटाण्याएवढी.
नणंदेनं, झेनोबियानं, इकीतोसहून
औषधाच्या पुडीत बी पाठवलं. तिकडे जंगलात
म्हणे वाटेवर उगवते. इथं मी
फ्रीजच्या डोक्यावर डबा ठेवून ऊब दिली,
सव्वीसातल्या चार आल्या.

हे सगळं तिखटमीठ न लावता सांगतेय.
एरवी मिरच्यांचं कौतुक सातुर्निनो करायचे,
तेवीस वर्षं खानावळीत रस्सा ढवळलेला माणूस.
गेल्या हिवाळ्यात ताप आला, उतरला,
जाताना वास घेऊन गेला.
कॉफी म्हणजे गरम पाणी. पाव म्हणजे कापूस.
बटाटा सोलून हातात धरून बसायचे,
कुणाचं तरी आहे हे, परत द्यायला हवं, अशा चेहऱ्यानं.
डॉक्टर म्हणाले, थांबा.
मला थांबणं जमत नाही.

एका रविवारी बशीत चार फोडी मांडल्या.
डोळे मिटा, म्हटलं.
लिमो: "टाचणी. लिंबू कुठाय?"
अमारियो: "ऊब. गळ्यापाशी. पुढे काही नाही."
(मी खिडकीकडे बघितलं. तीच माझी लाडकी.)
चारापिता: "ठिणगी," आणि शिंक,
आणि शिंकेनंतर जरा हसू.

रोकोतोला वेळ लागला.
कपाळ ओलं झालं, कान लाल झाले.
बाहेर कुणीतरी गॅसचा सिलिंडर ओढत नेत होतं
तो आवाज संपेपर्यंत ते गप्प.
मग म्हणाले, "मागून येतं हे. हळू. जाडजूड.
मीठ कमी पडलंय."

मीठ मी लावलंच नव्हतं.

तेवीस वर्षं खानावळीतल्या पोरांना
ओरडले ते हेच वाक्य,
ह्याच तुसड्या आवाजात.
मी मिठाचं भांडं पुढं सरकवलं आणि काही बोलले नाही.
वास अजून आलेला नाही, खोटं कशाला सांगू.
पण सुरी पुन्हा त्यांच्या हातात असते;
रोकोतो पोखरतात, दोनदा उकळतात,
साखर घालून, मोजून,
आणि भरायचं सारण मला चाखायला लावतात.
"काय लागतं?" विचारतात. मी सांगते.
चुकीचं सांगितलं तर कळतं त्यांना, कसं कोण जाणे.

तर तुमचं असं.
चवीला अमारियो, अजूनही, माझं मत विकत नाही मी.
लावायला मात्र हे घ्या.
नऊ बिया आहेत, पाच तरी उगवतील.
भिंतीच्या आडोशाला ठेवा, दुपारचं ऊन इथलं फार कडक.
पहिल्या वर्षी फळ धरलं नाही तर उपटू नका.
आणि बी हाताळलंत, आता घरी जाऊन
साबणानं हात धुवा,
तोवर डोळ्यांना काही झालं तरी हात लावायचा नाही.