कारणाचा रकाना

सव्वीस वेळा थांबवलं मला डिक्सन रोडवर.
मोजत गेलो;
दुसरं हातात काय होतं?
नाव काय, कुठून आलास, कुठे निघालास?
लिफ्ट दुरुस्त करायला, साहेब.
हा पाना, ही ग्रीसने माखलेली बोटं.
ते टिपून घ्यायचे.
वही त्यांची, नाव माझं.

मग कायदा झाला म्हणे.
नुसती कातडी बघून अडवायचं नाही,
कारण सांगायचं, पावती द्यायची.
मी हसलो होतो. पावती!
जशी काही पावशेर खजुराची.

काल आयानले उशिरा आला. बाहेर उणे अठरा.
बूट न काढता तसाच स्वयंपाकघरात उभा.
थांबवलं, आबो.
मी पावती मागितली.
त्याचं पेन गोठलेलं,
मग माझंच दिलं, परीक्षेचं निळं.

तारीख लिहिली त्याने. वेळ. बिल्ल्याचा नंबर.
आणि कारणाच्या रकान्यावर
पेन अधांतरी.
एक बस गेली. दुसरी गेली.
माझ्याकडे बघेना, कागदाकडेच बघत राहिला.
शेवटी अर्धाच कागद हातात देऊन म्हणाला,
जा घरी, थंडी आहे.

आणि पेन?
राहिलं त्याच्याकडेच.

हिबो चहा गाळत होती, काही बोलली नाही.
रात्री दिव्याखाली त्या कोऱ्या चौकोनात
मी माझे सव्वीस प्रसंग भरून पाहिले.
दरवेळी एकच शब्द येत होता,
आता लिहायची सोय नसलेला.

सकाळी पोराच्या खिशात
दोन पेनं ठेवली.