दोन बोटं खाली

वालपराइसोच्या आमच्या इस्पितळात
मंगळवारी प्रशिक्षण असतं, तळघरात,
धुलाईखान्याला लागून.
ओल्या चादरींचा वास, भिंतीपलीकडे यंत्राची घरघर,
आणि देखभाल खात्याची एदुविहेस कातालान,
बुटकी, कमरेला त्रिकोणी टोकाची किल्ली.

फळ्यावर ती काही लिहीत नाही.
खडू नुसता धरून ठेवते
बोटं पांढरी होईतो.

"खाट ढकलून आत न्या. ओढून नाही.
ओढणारा पाठमोरा चालतो.
दार उघडलं म्हणजे लिफ्ट आली, असं नाही.
आधी जमीन बघा. मग पाऊल."

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं.
मीच असेन.
अकरा वर्षं खाटा ओढतोय मी, पाठमोरा,
कारण ओढताना माणसाचा चेहरा समोर राहतो
आणि शस्त्रक्रियेला निघालेल्याला
छतावरचे दिवे मोजण्यापेक्षा
एखादं तोंड बरं वाटतं. माझंसुद्धा.

हे मी तिला बोलून दाखवलं.
ती म्हणाली, "नोल्बेर्तोही हेच म्हणायचा,"
आणि घाईघाईनं द्रव नायट्रोजनवर आली:
टाकी एकटी जाईल, सोबत माणूस नाही,
गळती झाली तर डब्यातली हवा संपते
आणि आतल्याला कळतसुद्धा नाही.
पाय घालून दार अडवू नका.
धरणी हलली तर जवळच्या मजल्यावर उतरा, जिना धरा.
शंका आली की लिफ्ट बंद, आणि नोंद वहीत.
ती नोंद तुमची. डॉक्टरांची नाही, माझी नाही. तुमची.

नोल्बेर्तोचं पुढे काय झालं, कुणी विचारलं नाही.
जुन्यांना ठाऊक होतं.
नव्यांनी जुन्यांचे चेहरे पाहिले.
कागद फिरला. मी न वाचता सही ठोकली.

शुक्रवारी पहाटे चारला वीस कमी.
चौथ्या मजल्यावरून अब्दोन यान्येसला खाली न्यायचं होतं,
आतड्याला पीळ पडलेला.
एके काळी टेकडीवर चढणाऱ्या लाकडी डब्यांचा चालक,
हे त्यानं मला तीन वेळा सांगितलं.
मी डोक्याच्या बाजूनं ढकलत होतो.
तिथून चेहरा उलटा दिसतो,
हसू कपाळावर आल्यासारखं.
सवय नाही. काय बोलावं, सुचत नव्हतं.

दोन नंबरचं दार उघडलं.
आत उजेड, आरसा, सगळं जागच्या जागी.
मी खाटेला वळसा घालून पुढे गेलो.
त्याचा चेहरा सुटला, म्हणून
चादरीवरून त्याचा घोटा धरून ठेवला.
आणि वाकलो.

"काय रे, भूत आहे का आत?"
"जमीन खाली आहे."
"किती?"
"दोन बोटं."

दोन बोटं. चाक एकदा धडकलं असतं, सलाइनचा खांब हलला असता,
बाकी काय?
फोन वाजत होता. शस्त्रक्रियागृह वाट पाहत होतं.
अब्दोन थोडा वेळ गप्प.
मग म्हणाला, "थांब तर. मला घाई नाही.
आतड्याला असेल, तर त्याला विचार."

पिवळी पाटी लावली. पहारेकऱ्याला कळवलं.
लांबच्या लिफ्टकडे निघालो,
मुलांच्या वॉर्डावरून, औषधांच्या खोलीवरून,
तो मला कोणत्या वळणावर ब्रेक किती दाबायचा ते शिकवत.
सात मिनिटं उशीर झाला.
सर्जनबाई जे बोलल्या ते वहीत लिहिलेलं नाही.
वहीत एवढंच:
लिफ्ट दोन, चौथा मजला, दोन बोटं खाली.
आणि माझं नाव, आडनावासकट, या खेपेला वाचून.

सकाळी एदुविहेस आली.
दारापाशी गुडघे टेकून बसली,
खडू बाजूला ठेवला,
आणि त्या फटीत आपली बोटं आडवी लावून पाहिली.
माझी दोन. तिची तीन भरली.

माझी ओळ तिनं खोडली नाही.
खाली आपली लिहिली.