सातशे रुपयांचा अंगठा

माझा बाप सातशे रुपयांपायी
मगदुमांच्या वखारीत जीत राहिला होता.
जीत हा शब्द कानडी.
मराठीत त्याचा अर्थ जिंकणं,
हे मला शाळेत कळलं
आणि भर वर्गात मी एकटीच हसले.

निपाणीत तेव्हा तंबाखूचा वास
पाण्यालासुद्धा यायचा.
कुसुमाक्का ते पाणी दुहेरी फडक्यातून गाळायच्या,
दिवस मावळायच्या आत जेवायच्या,
मुंगी चुकवून पाऊल टाकायच्या.
नवरा गेला, किल्ल्या आल्या.
लोखंडी ट्रंकेत एकशे बारा कागद,
प्रत्येकाच्या तळाशी एक काळा अंगठा.
दिवाणजींना म्हणाल्या,
"पाण्यातला जीव दिसला हो आम्हाला."
पुढचं बोलल्याच नाहीत.

कागद जाळले, असं लोक सांगतात.
खोटं. अक्का हिशेबी बाई.
वखारीच्या दारात बसून एकेक कागद वाचला:
मुद्दल, व्याज, कोण किती वर्षं राबला.
बेरीज उलटी निघाली.
देणं वखारीचंच होतं.
ते फेडायला आधी गोठ गेले, मग पाटल्या,
मग यमगर्णीकडचा मळा.
दीर म्हणाले, वेड लागलं.
मग त्या दुसऱ्यांच्या वखारींत जाऊन
दुसऱ्यांचे अंगठे सोडवू लागल्या,
तेव्हा दीर काहीच म्हणाले नाहीत.
वकील आणला.

चिकोडीला प्रांतांपुढे
नव्वद माणसं उभी केली अक्कांनी.
"तुम्हाला कुणी बांधून ठेवलंय का?"
"न्हाई साहेब."
नव्वद माना हलल्या.
साक्षीला नेलेल्या माझ्या बापाचीही,
सुटून वर्ष झालं होतं तरी.
परतीच्या एस्टीत अक्का खिडकीशी,
बाहेर अंधार, मांडीवर न उघडलेला डबा.
कुणी त्यांच्याकडे बघत नव्हतं.
पुढच्या सोमवारी त्या परत गेल्या.
अकरा वर्षं जात राहिल्या.

मी त्यांना देवी म्हणत नाही.
आमच्या घरचं पाणी त्या कधी प्यायल्या नाहीत,
गाळूनसुद्धा.
माझ्या फीची पावती मात्र
दर जूनला मागून घ्यायच्या.

बापानं नंतर कशावरच अंगठा उठवला नाही.
मुठीत दडवून चालायचा,
कुणी तोडून नेईल असा.
सही शिकला, वाकडी,
एक कानडीत, एक मराठीत.

काल रेशनच्या दुकानात मशीन आडवं आलं.
अंगठा ठेवला. तीनदा ठेवला.
तंबाखूनं रेषाच खाल्लेल्या.
"यात हा माणूसच नाही," दुकानदार म्हणाला.
बाप हसला, खोकला लागेपर्यंत हसला.
"अक्काला सांगाय पायजे," म्हणाला,
"आता कुणालाच धरता यायचं न्हाई."
पिशवी रिकामीच होती.