बरगा

राधानगरीच्या पायथ्याला दोन कयाक, एक राफ्ट.
राफ्ट पिवळा, कडेला पंक्चरवाल्याचं काळं ठिगळ;
महापुरात जनावरं काढताना म्हशीचं शिंग लागलं होतं तिथं.
मुनाफ पायपंप मारतोय. मोजत नाही, ऐकतो.
भूपालअण्णांनी भाकरी पिशवीत, पिशवी डब्यात, डबा ड्रमात कोंबला
आणि तरी विचारलं, भिजंल काय गं?

भिजली. पहिल्याच वळणावर.
भोंगा झाला, दरवाजा आपोआप उचलला,
आणि दाजीपूरच्या रानातलं सगळं गढूळ
एकदम अंगावर: पानं, फेस, कुणाची तरी चप्पल.
नदी इथं वाहत नाही, उतरते,
पायऱ्या नसलेल्या जिन्यावरनं.
"डावीकडं! तुझं डावं!"
डावं-उजवं मला एका दगडानं शिकवलं, कोपरावर.

दुसऱ्या दिवशी डोंगर मागं सरले.
दोन्ही काठांना ऊस, बघ्यांसारखा दाटीवाटीनं.
तारळ्याला पुलावर एकानं गाडी थांबवली:
"कुठवर?"
कोल्हापूर. घाटापर्यंत.
"येस्टी हाय की."
हाय.
राशिवड्यात एका बाईनं धुणं ठेवून
माझ्या हेल्मेटवर टिचकी मारली,
कलिंगड पिकलंय का बघावं तशी.

मग बंधारे. एक झाला की दुसरा, दगडी दात विचकून.
बोट खांद्यावर, चिखल घोट्यावर, वळसा, परत पाणी.
मुनाफ बंधारे मोजायचा, मी गाळे.
माझा बाप अशाच एका बंधाऱ्यावर होता.
पाऊस सरला की खाचांत बरगे बसवायचे,
रोहिणी निघाल्या की काढायचे.
सव्वीस वर्षं. पोहता येत नव्हतं.
नदी म्हणजे त्याला फुटांतला आकडा
आणि जेवता जेवता उठून बॅटरी शोधणं.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्याचा बंधारा.
अण्णा म्हणाले, उचलूया. मुनाफ म्हणाला, उचलूया.
मी म्हणाले, मधला गाळा मोकळा आहे.
होता. एक बरगा सोडून.
काढायचा राहिलेला, पाण्याखाली आडवा.
त्यानं कयाकचं नाक असं धरलं
जसा उशिरा घरी आलेल्या पोरीचा दंड.

उलटी. सगळं तपकिरी. कानांत पिठाची गिरणी.
पाणी वर आणतं, खाली नेतं, वर आणतं.
धडपडले तेवढी आत.
आणि अडकलेल्या बरग्याशी तो बोलायचा ते ऐकू आलं:
वर वढू नगं, आधी खाली दाब, मग सुटतंय.
पोहता न येणाऱ्या माणसाचा सल्ला.
गुडघे पोटाशी घेतले. खाली गेले.

सुटले. पन्नास पावलं पुढं दोरी तोंडावर आली.
मुनाफच्या शिव्या संपेनात.
अण्णा माझा एक बूट धरून उभे, नुसते.
रात्री पाटबंधारेला फोन लावला.
पलीकडून कुणी जांभई देत म्हणालं,
नोंदीत सगळे बरगे निघालेत.

वल्हं गेलं ते गेलंच.
चौथ्या दिवशी गुऱ्हाळातलं लांब दांड्याचं फावडं घेऊन निघाले,
मागल्या हंगामाचा गूळ अजून दांड्याला.
प्रयागला कासारी येऊन मिळाली, न विचारता.
हात चिकटलेलेच राहिले घाटापर्यंत.
तिथं पुलाच्या कठड्यावरनं उड्या मारणाऱ्या पोरांतलं एक
पाण्यातनं डोकं वर काढून म्हणालं,
काकू, काहील कुठाय?