मरीब्याड

ट्रेमध्ये गोळ्या ओतल्या की आवाज होतो
सुकलेल्या वालाच्या बियांसारखा.
बोटानं दोन-दोन सरकवत मी मोजते.
सहा उरायला हव्यात, हौसाक्का.
दहा आहेत.

ती बसलेली, पदराला तंबाखूचा वास,
नखांत वखारीची पिवळी भुकटी.
बाटलीच्या तोंडाशी कापसाचा बोळा,
निपाणी-चिकोडी बसमध्ये खुळखुळू नये म्हणून.
तो बोळा मीच शिकवला.
माझ्याही पिशवीत सात वर्षं तसाच आहे.
हे तिला ठाऊक,
म्हणून ती माझ्याशी खोटं बोलत नाही,
नुसतं उशिरा बोलते.

"एक गडहिंग्लजात, नणंदंच्या घरात ऱ्हायली.
सगळी एकाच खोलीत निजलेली.
एक त्या दिशी, सासू चुलीम्होरनं हललीच न्हाई."

आणि?

बाहेर कुणाचा तरी नंबर कन्नडातून पुकारतात,
मग मराठीतून,
मग नुसता हातानं.

"आणि दोन दिस बरं वाटत हुतं मला.
बऱ्या बाईगत झोपावं वाटलं."

यावर आमच्या प्रशिक्षणात उत्तर आहे,
लाल-हिरव्या बाणांचा तक्ता आहे.
तो भिंतीवरच राहू दिला.
विचारलं, रात्री नऊला घरात काय असतं?

"मालिका संपती. सासू मोरीकडं जाती.
तेवढी दोन मिनटं घर माझं."

कार्डावर वेळेच्या रकान्यात
मी तेच लिहिलं: सासू मोरीत.

पहिल्या महिन्यात म्हणे
मल्लव्वा सिस्टर फाटकापर्यंत धावत आल्या,
ओरडल्या, मरीब्याड!
विसरू नको, एवढंच त्यांच्या कन्नडात.
हिच्या मराठी कानाला ऐकू आलं,
मरू नको.
संकेश्वर येईस्तोवर रडत होती खिडकीशी.
"असं तोंडावर कुणी म्हटलंच नव्हतं गं."

पुढं वखारीत, गोकाकच्या बायांकडनं
ती कन्नड शिकली.
खरा अर्थ कळला.
तरी वापरते पहिलाच.

दहात वीस घातल्या, नवा बोळा दिला.
दाराशी थांबून तिनं बाटली
कानापाशी हलवून पाहिली. गप्प.
मग वळून माझ्याकडं बघत म्हणाली,
"तू घेतलीस का काल?"

आठवायला मला
थोडा वेळ लागला.