सदस्य क्रमांक तेवीस

शाळेला सुट्टी लागली तशी सगळी कार्यकारिणी विमानात बसली.
अध्यक्ष कोट्टयमला, खजिनदार हैदराबादला.
बाबांची रजा नामंजूर,
म्हणून सहमच्या कृषी युवा मंडळाची
मी झाले प्रभारी चिटणीस.
वय सतरा. अनुभव : कुंडीत एकदा मेथी, तीही किडलेली.

ताब्यात आलं ते असं :
गव्हाच्या लोंबीचा पितळी बिल्ला
(सहममध्ये मी गहू कधी पाहिला नाही),
निळ्या पुठ्ठ्याची नोंदवही
आणि विहिरीचा खारटपणा मोजायचं पेनाएवढं यंत्र.
बॅटरी मात्र स्वखर्चानं.

पहाटे पाचलाच हवा ओल्या टॉवेलसारखी तोंडावर.
जुवैनाच्या आजोबांच्या मळ्यात, पंपापाशी,
मी यंत्र पाण्यात बुडवून आकडा स्थिर व्हायची वाट बघायचे.
हमूदआजोबा तोवर ओंजळीतलं जिभेला लावून
तीन बोटं दाखवत,
आणि यंत्र मागाहून म्हणे : तीन.
एकदा काठीनं जमीन ठोकून म्हणाले,
समुद्र रस्त्यानं नाही येत, पोरी,
खालून येतो, चपला हातात घेऊन.
मागे लिंबांची बुंधं होती, ओळीनं,
बाकं मांडून ठेवावीत आणि सभा व्हायचीच राहावी, तशी.

सभा मीही घेतल्या.
उपस्थिती : दोन. गणसंख्येअभावी तहकूब.
अर्ध्या तासानं तीच सभा, तीच दोन माणसं, आता कायदेशीर.

दुसरं माणूस शफीकुल. चाँदपूरचा.
हाबूलचा दोर कमरेला लावून माडासारखा नाही,
खजुरासारखा चढायचा : थांबत, खरचटत,
आणि वरून नगालचा पहिला पिवळा घोस
टोपलीतून असा सोडायचा
की एक दाणा सांडू नये.
मंडळाच्या खरबुजांचे फुटवे तोच खुडायचा,
जाळी तोच ताणायचा,
आणि साडेबाराला काम बंदचा नियम
मी मोठ्यानं वाचून दाखवला तेव्हा
सावलीत बसून हसला, जणू मीच केला होता.

घटनेचं कलम चार : वय चौदा ते वीस, तालुक्याचा रहिवासी.
तुझं वय?
पासपोर्टवर पंचवीस, तो म्हणाला,
आईच्या हिशेबानं एकोणीस.
मी आईचा हिशेब धरला.
सूचक : मी. अनुमोदक : जुवैना, जी तेव्हा झोपलेली होती.
सही त्यानं बांगलात केली,
मला वाचता आली नाही. शिक्का मारला.

जुलैत मला ताप आला. आठवडाभर नोंदी त्यानंच केल्या.
उठून वही उघडते तर
८, ८, ८, इंग्रजी वळणाचे, सरळ रांगेत.
विहीर गेली!
मंत्रालयाला पत्र लिहिलं, दोनदा फाडलं,
अनवाणीच धावले बांधावरून, आणि भाजलेही.
आजोबांनी ओंजळ जिभेला लावली.
चार बोटं.
शफीकुल वहीत डोकावला : हो, चारच तर लिहिलंय.
त्यांच्याकडचा चार
आपल्याला आठ दिसतो.

सप्टेंबरात अध्यक्ष परतले, लाल पेन घेऊन.
तेवीस नंबर कोण हा? मजूर? ठराव कुठाय?
दाखवला.
अनुमोदकाला विचारलं. जुवैना म्हणाली, हो, मला चांगलं आठवतं.
तरी रेघ मारलीच त्यांनी, पट्टी लावून,
आणि त्या हिवाळ्यात थंडगार सभागृहात
खरबुजाला दुसरं बक्षीस मिळालं, मंडळाच्या नावानं.

पान आठवर मात्र रेघ मारता येईना,
वार्षिक अहवालाला जुलैच्या नोंदी हव्याच होत्या.
अध्यक्षांनी तो आठवडा उतरवून घेतला,
बघून बघून, नीट.
आठ, आठ, आठ.

मी शेजारीच उभी होते.
काही बोलले नाही.